लाल दिव्याबाहेरचा बँडमास्तर

लंडन, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप हेप्झिबा वन्सं यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे आयव्हीचा, वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धंच वाकले आहे. उरलेलं ख्रिसमसला तिकडे आल्यावर.)

वि. वि. तुमचा खोकला आता कसा आहे? हंसाची चरबी छातीला चोळणं चालू ठेवा आणि चॅपेलमध्ये प्रार्थनेला बसताना वाऱ्याच्या तोंडाशी बसू नका. पाद्रीबाबांना वाईट वाटेल म्हणून पहिल्या बाकावर बसायचं आणि मग आठवडाभर खोकत राहायचं, ह्यात पुण्य किती आणि हट्ट किती हे देवच जाणे. तुम्ही पाठवलेला आल्याचा केक पोचला. पहिल्या दिवशी त्यात सुरी शिरेना. तुमच्या भावाने हातोडी आणू का विचारलं. पण चार दिवस डब्यात मुरल्यावर असा काही झाला की शेवटच्या तुकड्यावरून आमच्यात बोलाचाली झाली. तुकडा मी खाल्ला.

पत्रास कारण की तुमचे बंधुराज रेडिओ सोडायला निघाले आहेत. पुढच्या आठवड्यात नव्या वर्षाच्या करारावर सही करायची आहे, आणि विल्फ्रेड म्हणतो, मी करणार नाही. सोडून जाणार कुठे, तर तुमच्याकडे. कायमचा. तुमच्या पुढच्या खोलीत तो पियानोच्या शिकवण्या घेणार आहे. (हो, तीच खोली, जिथल्या खुर्च्यांवरची आच्छादनं तुम्ही फक्त पाद्रीबाबा आले की काढता.) बरोबर पियानो, दोन सॅक्सोफोन, एक मोठा ड्रम, सदतीस बो-टाय आणि मी. तेव्हा खाली लिहिलेलं सगळं जरा सावकाश, पाणी जवळ घेऊन वाचा.

तुम्हाला सगळं मुळापासून सांगायला हवं, कारण तुमच्याकडे रेडिओ नाही. रेडिओ शेजारच्या मिसेस ॲक्रॉइडकडे आहे, तो तुम्हाला भिंतीतून नाइलाजाने ऐकू येतो, आणि तुम्ही खुर्ची त्या भिंतीला लावली आहे ती केवळ तिथे ऊब असते म्हणून, हे मला ठाऊक आहे. मी कधी काही म्हटलंय का?

तर विल्फ्रेडचं खरं वाद्य म्हणजे त्याचं हसू. हॉटेलात बँड होता तेव्हा लोक नाचता नाचता मुद्दाम त्याच्यापुढून जायचे. तो छडी हलवत वळून असा काही हसायचा की जाडजूड बायकासुद्धा हलक्या व्हायच्या. पण रेडिओत हसू कुठून दिसणार? सुरुवातीला निदान बोलता यायचं. ‘मंडळी, आता ऐका अमुक गाणं,’ असं तो मधाळ आवाजात सांगायचा. मग वरच्यांना संशय आला की गाणी छापणारे लोक बँडमास्तरांना खूश करतात आणि आपलीच गाणी वाजवून घेतात. झालं! नियम निघाला की बँडमास्तराने तोंड उघडायचं नाही. आता गाण्यांची नावं दुसऱ्या खोलीतला एक निवेदक सांगतो, तेही कुणाच्या मयताला आल्यासारखा. (विल्फ्रेडने कुणाकडून काही घेतलं का, असं तुम्ही मागे विचारलं होतं. एकदा एक हॅम आला होता. तो मी परत पाठवला. अर्ध्याहून जास्त.)

म्हणजे हसू गेलं, बोलणं गेलं. उरली छडी, आणि छडीला आवाज नसतो. त्यावर विल्फ्रेडने तोड काढली ती कपड्यांची. भर दुपारच्या कार्यक्रमालासुद्धा तो शेपटीचा काळा कोट, कडक इस्त्रीचा शर्ट आणि ताठ कॉलर घालून जातो. म्हणतो, ‘आयव्ही, ऐकणाऱ्याला कपडे ऐकू येतात.’ मी म्हणते, येत असतील बाबा, पण ते धुणारीचं कण्हणंही येत असेल.

गुरुवारी ह्या कॉलरनेच घात केला. विल्फ्रेड निघाला आणि कॉलर अडकवायचं मागचं सुटं बटण ड्रेसिंग टेबलावर राहिलं. मी तेव्हा गॅसवर पुडिंग वाफवायला ठेवलं होतं. म्हटलं, बसने जाते, बटण हातात देते आणि पातेल्यातलं पाणी आटायच्या आत परत येते. विणकामाची पिशवी उचलली आणि धावले. स्टुडिओत पोचते तो काय, बँडवाले सगळे जागेवर, आणि बंधुराज बटण शोधायला बाहेर गेलेले! मी आत शिरायला, माझ्या पाठीमागे ती गादीसारखी जाड दारं बंद व्हायला आणि लाल दिवा लागायला एकच गाठ पडली.

लाल दिवा लागला, वन्सं, म्हणजे आतला आवाज थेट घरोघरी जायला लागला; मग श्वाससुद्धा जपून घ्यायचा. दार उघडायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, शिंक आली तर गिळायची. तिकडे निवेदक सांगून मोकळा झाला, ‘सादर करीत आहेत विल्फ्रेड क्लेग आणि त्यांचा बँड,’ आणि इकडे सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. ड्रमवाला लेन ओठांनीच म्हणाला, ‘वहिनी, काहीतरी करा!’ आता मी काय करणार? माझ्या हातात विणकामाची सुई होती, तिच्यावर विल्फ्रेडच्याच स्वेटरची अर्धी बाही लटकत होती. मी ती वर केली आणि खाली आणली. बँड सुरू झाला. खरं सांगते, मला इतकी गंमत वाटली की हसू आवरेना. इतकी वर्षं हा माणूस घरी येऊन ‘दमलो, आयव्ही, दमलो,’ म्हणत कोचावर पडायचा, ते ह्यासाठी?

मात्र एक गोष्ट झाली. डोळ्यांपुढे सारखं ते पातेलं. पाणी आटत चाललं असेल, तळ लागत असेल, शेजारीण धूर बघून बंब बोलावत असेल. त्यामुळे माझा हात जरा लवकर लवकर चालला. आपण घाई केली म्हणजे तास लवकर संपतो असं मला तेव्हा वाटत होतं. बिचारे फुंकणारे लालबुंद झाले. गाणी संपली आणि वेळ उरला, मग शेवटचा वॉल्ट्झ पुन्हा एकदा वाजवावा लागला. काचेपलीकडच्या खोलीतल्या माणसाने एकदाच मान वर करून माझ्याकडे, मग बाहीकडे पाहिलं आणि परत आपली आवाजाची बटणं फिरवायला लागला. बँडवाल्यांचं काही सांगता येत नाही, असं त्याला वाटलं असावं.

आता दाराबाहेर काय चाललं होतं ते ऐका. हे मला दरवान पर्किसने सांगितलं. पर्किस म्हणजे फौजेतला जुना सार्जंट. लाल दिवा असताना प्रत्यक्ष राजेसाहेब आले तरी त्यांना बाकावर बसवेल. विल्फ्रेड एका हाताने कॉलर धरून धावत आला आणि म्हणाला, दार उघड.

‘दिवा लाल आहे, साहेब.’

‘अरे, तो बँड माझा आहे!’

‘असेल. पण बँड आत वाजतोय. वाजतोय म्हणजे बँडमास्तर आत आहेत. आणि बँडमास्तर आत आहेत म्हणजे तुम्ही ते नाही.’

ह्यात खोट काढणं तुमच्या भावाला जमलं नाही. वन्सं, मी दोन दिवस विचार करते आहे, मलाही जमलेलं नाही.

पॅसेजमध्ये एक कर्णा लावलेला आहे, त्यातून आतलं ऐकू येतं. विल्फ्रेडने खिशातला कंगवा काढला आणि त्या कर्ण्यापुढे उभा राहून ताल द्यायला लागला. ‘हळू! अरे, हळू!’ म्हणून हात खाली दाबत होता म्हणे. कर्णा कुठला ऐकतो? पर्किसने त्याच्यासाठी खुर्ची आणली. पहिली दोन गाणी कंगवा चालला, मग नुसता हात चालला, मग तोही थांबला. विल्फ्रेड खुर्चीत बसला आणि ऐकत राहिला. पर्किस मला म्हणाला, ‘बाई, मला वाटलं साहेबांच्या घरी काही बरंवाईट झालंय.’

त्यात भर म्हणजे दिवा विझल्यावर रेडिओचे मोठे साहेब स्वतः जिना उतरून आले, पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या विल्फ्रेडचा हात धरून गदागदा हलवला आणि म्हणाले, ‘क्लेग, आज काय जोर होता हो तुमच्या हातात! पुढचं वर्ष तुमचंच.’ विल्फ्रेडच्या हातात तेव्हा कंगवा होता.

मग आम्ही दोघं बसने घरी आलो. पातेलं काळं झालं होतं, पण पुडिंग वरून बरं निघालं. ते त्याने दोनदा मागून खाल्लं. मी म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. तेवढ्यात चमचा खाली ठेवून म्हणाला, ‘आयव्ही, मी नसलो तरी चालतं.’ मी चेष्टा करते खरी, जन्मभर केली आहे, पण तो चेष्टेवर हसतो म्हणून करते. परवा हसला नाही. मी म्हटलं, अरे, आत नुसता गोंधळ होता, लेन तर दोनदा चुकला. म्हणाला, ‘मी ऐकलंय. कुणी चुकलं नाही.’ कान चांगला आहे ना त्याचा, तुम्हीच तयार केलेला. चॅपेलच्या हार्मोनियमवर पट्टीने बोटं शेकून शेकून तुम्ही त्याला शिकवलंत, आणि ‘विल्फ्रेड, तुझ्या हातात ताल नाही,’ हे तुमचं वाक्य तो अजून झोपेत बोलतो. काल म्हणाला, ‘हेप्झिबा म्हणत होती तेच खरं.’ आणि शिकवणीचं काढलं ते तिथून.

बाकी इकडे सर्व ठीक. मिसेस ॲक्रॉइडना आठवण सांगा. तब्येतीला जपा.

तुमची,
आयव्ही

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. तुमचं पत्र आज सकाळी आलं. विल्फ्रेडच्या नावाचं, पण मी फोडलं. (फोडलं म्हणजे केटलीच्या वाफेवर आपसूक सुटलं.) वन्सं, तुम्ही पण काय वेळ साधलीत! पन्नास वर्षांत भावाला कधी ‘बरं’ म्हटलं नाहीत आणि आता लिहिता, ‘गुरुवारी प्रथमच तुझ्या हातात ताल होता. नाच हे पाप आहे, तरी माझा पाय हलला. आई असती तर उठून बसली असती.’ हे त्याने वाचलं तर उद्याच सामान बांधेल. पत्र मी चहाच्या डब्यामागे दडवलं आहे. तुम्ही एवढंच करा, लगोलग दुसरं पत्र टाका: गुरुवारचा कार्यक्रम भिकार होता, ताल धावत होता, बँड पोरका वाटत होता, विल्फ्रेड, तुझं लक्ष कुठे होतं? तुम्हाला जड जाऊ नये, नेहमीसारखंच लिहा.

ता. क. २. हे पत्र पेटीत टाकायला कोट घातला आणि परत काढला. वरची ता. क. खोडून टाका. विल्फ्रेडला पत्र सापडलं. लग्न झाल्यापासून ज्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, तो नेमका आज माझी कंबर दुखते म्हणून चहा करायला गेला! मी दारात उभी. त्याने पत्र वाचलं, परत वाचलं, खाली बसून पुन्हा वाचलं. मग म्हणाला, ‘हेप्झिबाला कळलं.’ मी विचारलं, काय कळलं? तर म्हणाला, ‘मी बाहेर ताल देत होतो ना! पोरं मला इतकी वर्षं ओळखतात, दाराने काय होतंय? पोचलं असणार आत.’ वन्सं, माझा दंड अजून सुजलेला आहे. पण मी म्हटलं, अरे, नाहीतर आम्हाला मेल्यांना कुठून सुचणार होतं! मग पत्र मला मोठ्याने वाचून दाखवायला लागला, पण ‘आई असती तर’ तिथे त्याला पुढे वाचवेना. डोळे पुसायला रुमाल मिळाला नाही, तर भांडी पुसायचं फडकं घेतलं. सही करणार आहे म्हणतो. शिकवणीचं नाव नाही.

तेव्हा रागावून काही लिहू नका, आणि खरं काय ते त्याला जन्मात सांगू नका. मात्र येत्या गुरुवारी तो स्वतः आत असेल आणि मी घरी असेन. ऐका. खोटं लिहा असं मी म्हणत नाही, पण एखादं गाणं बरं वाटलं तर तेवढं त्याला कळवा. परवाचं कौतुक माझं होतं. ते मी त्याला देऊन टाकलं. त्याचं स्वतःचं असं एक तरी तुम्ही पाठवा.