अकरावा फोन

चिखली,
रविवार

आदरणीय मोठे बाबा यांना मैत्रीचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मोठ्या आईची शुगर आटोक्यात आली का? इकडे आम्ही मजेत आहोत (बाबा सोडून, त्यांचं पुढे येईलच). चिखलीहून दिघीला, इतक्या जवळ, कुणी पत्र लिहितं का, असं आई म्हणते. पण तुम्ही फोन उचलत नाही, घरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलात, तेव्हा उरलं पोस्टच.

तर बाबांच्या निरोप समारंभाचं बोलावणं तुम्हाला सगळ्यात शेवटी गेलं, यात बाबांचा काही दोष नाही. दोष माझा आहे, आणि तो कसा घडला ते मुळापासून सांगितल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही (सातवीत तुम्ही मला गणित शिकवायचात, तेव्हापासून मला हे ठाऊक आहे).

मी कंपनीत नक्की काय करते, असं तुम्ही मागे विचारलं होतं. गाडीच्या ब्रेकमध्ये जी चिप बसते ती कधी दगा देईल का, हे तपासणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ते चिपला हो-नाहीचे प्रश्न विचारत जातं आणि उत्तरांचा नकाशा काढतं. गंमत अशी, की प्रश्न तेच असले तरी क्रम चुकला तर नकाशा इतका फुगतो की कॉम्प्युटर मान टाकतो, आणि क्रम जमला तर तोच नकाशा एका पानावर मावतो. आमचं सॉफ्टवेअर दिवसभर खपून चांगला क्रम शोधून काढतं आणि बंद केलं की साफ विसरतं. तो क्रम फाइलमध्ये उतरवून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध नको, एवढी सोय मला करायची होती. (ऑफिसात याला एक्स्पोर्ट म्हणतात. अंबू आत्याची समजूत आहे की मी चाकणच्या कांद्याच्या व्यापारात आहे.)

आता ही सोय चालते का ते बघायला एखादं छोटं, ओळखीचं उदाहरण हवं होतं. चिपपेक्षा आपलं घराणं मला जास्त ओळखीचं, म्हणून समारंभाला कोण येणार याच्या अटीच मी त्यात भरल्या. अंबू आत्या येणार, पण धाकट्या काकांनी गाडीतून आणलं तर. धाकटे काका येणार, पण तुम्ही येणार असाल तर. मावशी येणार, पण आत्या तिच्या शेजारी बसणार नसेल तर. अशी अकरा माणसं. सॉफ्टवेअरने क्षणात क्रम काढला, मी तो छापून बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, या क्रमाने फोन करा, अकरा फोनांत काम होईल.

झालं उलटंच. बाबांनी पहिला फोन लावला अंबू आत्याला. ती म्हणाली, गाडी कोण आणतंय ते आधी कळव. काका म्हणाले, मोठा काय म्हणतो ते कळव. जो तो ‘कळव’ म्हणून मोकळा. अकरा माणसांना त्रेचाळीस फोन झाले, आणि बाबा तुमच्यापर्यंत पोचेतो बातमी तुम्हाला दहा तोंडांनी कळलेली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, “साहेबराव, माझा नंबर अकरावा का रे?” आणि फोन ठेवलात. तेव्हापासून बाबा जेवतात, पण दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत.

चूक कुठे झाली ते मी लगेच ओळखलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाचे मजले (एक प्रश्न म्हणजे एक मजला) खालून मोजतात आणि माणूस यादी वरून वाचतो. ती उलटी उतरली असणार. दुसऱ्याच दिवशी निरंजन सरांपुढे (हे माझे वरिष्ठ) कबुली दिली आणि सोमवारचं रिलीज थांबवलं. घरच्या रुसव्यातून चूक शोधली म्हणून सरांनी सगळ्यांदेखत माझं कौतुकही केलं. तुमचा राग रास्तच आहे, मोठे बाबा. ज्यांनी बाबांना सायकलवर डबलसीट बसवून कंपनीच्या गेटापर्यंत नेलं आणि नोकरीला लावलं, त्यांनाच चौतीस वर्षांनी त्या नोकरीच्या निरोपाचं बोलावणं शेवटी जावं, याचं मला फार वाईट वाटतं. मला माफ करा.

मोठ्या आईला जयभीम सांगा.

तुमची,
मैत्री

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी चूक दुरुस्त करून टाकावी म्हणून ती फाइल उघडली. फाइल बरोबर आहे. पहिल्या ओळीत तुमचं नाव, अकराव्या ओळीत अंबू आत्या. असायलाही तसंच हवं, कारण सगळ्यांच्या अटी शेवटी तुमच्यापाशीच येऊन थांबतात. आईला विचारलं, तर लसूण सोलता सोलता ती म्हणाली, “यादी सरळच होती गं. ह्यांनीच खालून सुरुवात केली. वरच्या नावावर तीनदा बोट ठेवलं आणि तीनदा चहा मागितला.” गेल्या जयंतीला चारचौघांत बाबा तुम्हाला ‘मध्ये बोलू नका’ म्हणाले होते, ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. (उद्या निरंजन सरांना काय सांगू, ते मला सुचत नाही.)

पुन्हा ता. क. समारंभ शनिवारी सकाळी अकराला, बाबांच्या कंपनीच्या चाकणच्या कँटीनमध्ये. बाबा तुम्हाला परत फोन करतील असं मला वाटत नाही, त्यांना धीर होत नाही. तुम्हीच करा. पहिल्या रिंगला उचलतील; आठ दिवस झाले, आंघोळीलाही मोबाइल बरोबर नेतात. आणि त्यांच्याशी बोलताना चूक फाइलचीच होती असं म्हणा. मी ऑफिसात तशी कबुली देऊन बसलेच आहे.