आईला कुणी भेटायचं नाही

११ फेब्रुवारी १९९८
आईचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी आठशे! चार हजार तरी पाहिजेत. कॅन्सरच्या औषधानं गाठीबरोबर त्याही मारल्या. डॉक्टर म्हणाले, "गर्दी नको, कच्चं खायला नको, सर्दीवाल्याला जवळ येऊ देऊ नका. ताप आला तर थांबायचं नाही, लगेच आणायचं."
हे आमच्या घरी कोण ऐकणार!

१२ फेब्रुवारी
कुणीच नाही. दारात चपलांचा ढीग. शेजारची चिमणाबाई शेंबडा नातू कडेवर घेऊन थेट आईच्या खाटेवर! बाहेर बसा म्हटलं तर, "आमास्नी काय रोग लागलाय व्हय गं?" आणि माझा सख्खा भाऊ प्रसेनजीत सगळ्यांना चहा पाजतोय. "मायेनं येत्यात माणसं, आक्का."
माया! खोकते की ही माया.

१३ फेब्रुवारी
दाराला कडी.

१४ फेब्रुवारी
शालूमावशी आली. आईची धाकटी बहीण. मलकापूरहून एसटीनं, शिंकत! "सोनूआक्काला लांबनं बघते की गं." नाही म्हणजे नाही! तरी आत शिरलीच, आईचा हात धरला. मी दंडाला धरून बाहेर काढली. "मारायला आलीस का तिला?" मी म्हणाले. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मावशीनं पिशवी उचलली. गेली.

१५ फेब्रुवारी
आईला ताप. एकशे तीन! दात वाजत होते. रिक्षा, दवाखाना, सलाईन. प्रसेनजीतला म्हटलं, मावशीला फोन लाव, कळू दे तिला काय केलंय ते. "गप की आक्का." का गप? बूथवर जाऊन मीच लावला. नुसती रडली. रड!

१८ फेब्रुवारी
आईच्या रक्तात जंतू सापडले. डॉक्टर म्हणाले, "हे त्यांच्याच आतड्यातले. एरवी काही करत नाहीत. पेशी कमी झाल्या की रक्तात शिरतात." मी परत विचारलं. "सर्दीवाल्यांना लांब ठेवलंत ते बरोबरच. पण हा ताप कुणी बाहेरून आणलेला नाही."
मग मी ओरडू कुणावर? औषधावर? आईच्या आतड्यावर? राग तर तसाच आहे!

२१ फेब्रुवारी
ताप उतरला. पेशी दोन हजार. पेज पिता पिता आईनं विचारलं, "शालू परत आली न्हाय?" सगळं सांगितलं. फोनवरचंही.
आईनं वाटी खाली ठेवली.
"तू जा घरला. शालूला हिकडं लावून दे."