तराजूचा पैसा आणि दुसरा पाट

मी, शुभंकर गंगाराम नाटेकर, वय ५४, संस्कृतचा शिक्षक, मु. पो. पावस, जि. रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. शंका आल्यास पत्नी दर्शनाला न विचारता डॉक्टरांना विचारावे. परवा कोल्हापुरात हृदयाची शस्त्रक्रिया आहे. एका जागी बसवत नाही. लावलेले फाटक पुन्हा लावून आलो.

१. माझ्या हिश्शाचे घर व आंब्याची कलमे दर्शनाला. माजघर मात्र गणपतीत दोन्ही कुटुंबांना खुले राहील.

२. शब्दकोश शाळेला. त्यांतली वाळवीही शाळेचीच समजावी.

३. गणपतीपुढच्या कलशात घालायचा, कंपनी सरकारच्या काळातला तांब्याचा पैसा. त्यावरच्या तराजूची पारडी दुहेरी दिसतात. आम्हां भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, तरी गणपती एकच राहिला. यंदा थोरले बंधू काशीराम म्हणाले, "शुभा, देवानंच दोन तराजू दाखवलेनीत. आता गणपतीही वेगळा." आणि आपली वेगळी मूर्ती घडवायला मूर्तिशाळेत दुसरा पाट देऊन आले.

दादा, झोप तेव्हाच गेली; शस्त्रक्रिया हे लोकांना सांगायचे कारण. पैसा भिंगाखाली धरला. दोनदा ठोकला असता, तर दुसरी रेघही उठून आली असती. ही सपाट आहे, पायरीसारखी. यंत्रातला साचा सैल होता. ठोका एकच बसला. साचा उठताना जरासा सरकला आणि ओल्या मातीसारखी नुकती उमटलेली कड चेपून गेला. तुला म्हटले, "नख फिरवून बघ." तू म्हणालास, "आधी बरा हो, मग शिकव."

४. हा पैसा पुतणी दिशाला. तिने तो दर चतुर्थीला याच घरच्या कलशात घालावा. चिंचेने घासू नये; तराजू आधीच दमला आहे.

५. दादाला काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकील सांगतात, आणि मला साक्षीला दादाच हवा. गणपती कोणाच्या नावे लिहीत नाही; तो माझ्या मालकीचा नाही, त्याच्याही नाही. मी परत येवो न येवो, दुसऱ्या पाटावर माती चढलेली नाही तोवर तो कोराच घरी आणावा.

ठिकाण : पावस
दिनांक : १० जुलै २०२५
सही : शुभंकर गंगाराम नाटेकर

साक्षीदार :
१. काशीराम गंगाराम नाटेकर
२. गौरव वासुदेव भाटकर, शेजारी

खुलासा : साक्षीदार क्र. १ मसुदा वाचून बाहेर गेले व तासाभराने येऊन सही केली. हात उचलताना पेन सरकले, त्यामुळे पहिले अक्षर दुहेरी दिसते. सही एकच समजावी. डाव्या काखेत पाट होता.