दाराआडचं गणित

रविवार, १० जानेवारी १९५४

फार उशिरा बसलो लिहायला. माफ कर, वहीबाई. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. काळजीनं काही सुचतच नव्हतं.

काळजी नातीची. मुलगा प्रभाकर नोकरीपायी भुसावळला, त्याची उत्तरा कॉलेजसाठी आमच्याकडे डोंबिवलीला. सहामाहीत इंटिग्रल कॅल्क्युलसमध्ये भोपळा! मुंबईच्या कॉलेजात म्हणे प्रोफेसर फळ्याशीच बोलतात. प्रभाकरनं बजावलंय — इंटर सायन्सला नापास झाली तर कॉलेज बंद, स्थळं बघायची.

म्हणून हरिहरला गाठलं. मागच्या आळीतला, एम्. एस्सी. झालेला. इथून कॉलेजात जाणाऱ्या मुलांना रविवारी फुकट शिकवायची हौस, पण जागा नव्हती. म्हटलं, माझी ओटी घे. जुन्या दाराची फळी घासली, काजळी चोपडली, फळा केला. आज पहिला दिवस. मुलं ओटीवर, उत्तरा आत दाराआड पाटावर. मी झोपाळ्यावर. लक्ष ठेवायला कुणी हवं ना!

मी मराठी चौथी शिकलेला. पुढं जमीन मोजणीवाल्यांची साखळी धरली. हरिहर म्हणाला, "आजोबा, वाकड्या बांधाचं शेत कसं मोजायचात?" म्हटलं, "इकडचं जास्त तिकडं भरून काढायचं, आणि मालकाची नजर चुकवायची!" मुलं हसली. आतून उत्तराही हसली. बरं वाटलं.

रविवार, १७ जानेवारी

उत्तरा म्हणते, "आजोबा, नीट दिसत नाही." म्हटलं, कान दे. आम्ही कीर्तनं खांबाआडूनच ऐकली, कुठं अडलं?

गोदा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, कॉलेजात मुलांतच बसते ना ती!"

"तिथं कोण बघतं? आपली ओटी रस्त्यावर आहे. उद्या स्थळ आलं की हेच विचारतील."

"विचारू देत. आधी पास तर होऊ दे!"

माझ्या बायकोला जगाची भीतीच नाही.

रविवार, ३१ जानेवारी

हरिहर म्हणाला, "आजोबा, शिकवून संपलं. आता मुलांनी घरी उदाहरणं सोडवायची." इतक्यात? पण तो शिकलेला, मी काय बोलणार! नारळ आणि उपरणं दिलं. वाकून नमस्कार केला त्यानं. फळा मागितला, तोही दिला. डोळे भरून आले. असा मुलगा शोधून सापडायचा नाही.

रविवार, ७ फेब्रुवारी

ओटी सुनी. उत्तरा ठाकुर्लीला गेली, सुझानाकडे — कॉलेजातली मैत्रीण, बाप रेल्वेत. शिवण शिकते म्हणाली. परीक्षा तोंडावर आणि शिवण!

रविवार, २१ फेब्रुवारी

उत्तराला यायला उशीर झाला. जीव राहीना. रुळांच्या कडेनं चालत ठाकुर्ली गाठली. सुझानाच्या व्हरांड्यात आधी दिसला तो फळा — माझा! मग हरिहर. मग तीच सगळी मुलं. आणि पुढं, फळ्याला खेटून, सुझाना आणि आमची उत्तरा. खडू उत्तराच्या हातात.

म्हटलं, "शिवण कुठंय?"

हरिहर उठला. "आजोबा, चूक माझी —"

"तू बोलूच नकोस. नारळ खाल्लास ना माझा?"

एक मुलगा फिसकन हसला, मग खाली बघायला लागला. उत्तरा जागची हलली नाही. "आजोबा, एवढं उदाहरण संपवते आणि येते."

एवढं उदाहरण! तसाच परतलो.

सोमवार, २२ फेब्रुवारी

गोदाला माहीत होतं! सगळं!

"मीच हरिहरला सांगितलं, वर्ग दुसरीकडं ने. वर्ग झाला की पोर मोरीत जाऊन रडायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होतेच. तुम्ही रस्त्याकडं बघत होतात." वर टोमणा — "नारळ तुम्ही त्याला दिलात, की त्यानं तुम्हाला?"

एवढ्या वर्षांचा संसार, आणि हे! तिच्या हातचं जेवलो नाही. ताक तेवढं घेतलं.

बुधवार, २४ फेब्रुवारी

तोंडातून निघून गेलं — "कॉलेज बंद. प्रभाकरला कळवतो." उत्तरा रडली नाही. पुस्तकं पिशवीत भरली. परीक्षा होईपर्यंत ठाण्याला सरोजकडे, आत्याकडे, राहणार. पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतला.

प्रभाकरला अजून कळवलं नाही.

रविवार, ७ मार्च

परक्यानं फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. घरातल्यांना काय घालू?

बाजारात सुझाना भेटली. "आजोबा, उत्तरा विचारते, तुमचा खोकला कसा आहे?" म्हटलं, खोकला आपल्या जागी आहे, त्यानं अजून घर सोडलं नाही.

शनिवार, २० मार्च

आज तिचा गणिताचा पेपर.

गोदानं डाळिंब्या सोलायला दिल्या. पाट दाराआडचाच रिकामा होता. त्यावर टेकलो. सहज ओटीकडं पाहिलं. फळा टांगायचो ती भिंत दिसेना. सरकून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. नाहीच.

तिथून फक्त माझा झोपाळा दिसतो.

उत्तरे, पेपर कसा गेला तेवढं लवकर कळव गं.