पट्टीखालचा वास

मुरबाड, ७ नोव्हेंबर २००६

ती. रत्नाताईस,
दिनेशचा सा. न. वि. वि.

आमी सगळे खुशाल. भाताची झोडणी आटोपली असेल. तुझ्या पाठीला तरी सुटी कुठली म्हणा. आपला गुणादादा मोहाच्या झाडावरून पडून कंबरेतून गेला, तेव्हापासून तूच त्याला दिवसरात्र कुशीवर वळवतेस. दोन वर्षांत एक जखम पडू दिली नायस, पण आता तूच वाकून चालतेस.

म्हणून लिहितो. इथं एसटी स्टँडमागच्या हॉलात दर रविवारी एक डॉक्टर येतो. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, त्यांचं इंजेक्शन देतो. माणसाच्याच हाडातून काढायच्या आणि अंग अंथरुणाला टेकतं त्या जागी टोचायच्या. मग कातडी अशी घट्ट होते की पडून राहिलं तरी जखम होत नाय. कूस बदलायची गरजच नाय. दादा म्हणाला की रत्नाचा त्रास वाचत असेल तर ने. रविवारी जीप घेऊन येतो. दाजींना नमस्कार.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा दिनेश

---

सापगाव, २० नोव्हेंबर २००६

चि. दिनेशला,
ताईचे आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग.

फोनवर मी नुसती ओरडेन, म्हणून कागदावर लिहिते. तू दादाला घेऊन गेल्यावर मी शहापूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की मूळपेशींवर मोठ्या ठिकाणी शोध चालू आहे, पुढं काय निघेल ते निघेल, पण जखम पडू नये म्हणून द्यायचं असलं इंजेक्शन आज कुठंच नाय. कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, कातडी रोज डोळ्यांनी बघायची, एवढंच आपल्या हातात.

लहानपणी तुला शेणाच्या पाटीची किळस. जेवताना कुणी शिंकलं तर ताट सोडून उठायचास आणि आमी हसायचो. कूस बदलायची गरज नाय, हे तुला इतक्या लवकर पटलं ते त्याचमुळं, असं मला वाटतं. लागलं तर लागू दे. इंजेक्शन दिलं ते दिलं, पण दादाला वळव. पाठ उघडी करून बघ.

माया कमी झालेली नाय, हे ध्यानात ठेव.
ताई

---

मुरबाड, २८ नोव्हेंबर २००६

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र लागलं, पण मनावर घेत नाय. टोचल्या जागी डॉक्टरनं जाड पट्टी मारली आहे. महिनाभर ती उघडायची नाय आणि दादाला हलवायचंही नाय, नायतर पेशी मरतात. थोडा वास येतो. डॉक्टर म्हणतो की जुनी कातडी सुटते त्याचा तो वास, म्हणजे गुण येतोय. त्यानं दिलेलं अत्तर मी सकाळ-संध्याकाळ शिंपडतो. पोरं मात्र त्या खोलीत जेवायला बसत नायत.

रविवारी दादाला खाटेसकट हॉलात नेऊन, शाल घालून लोकांसमोर ठेवणार आहेत. त्याला बघून लोकांना धीर येईल, असं डॉक्टर म्हणाला.

राग सोड आणि लोभ ठेव.
दिनेश

---

सरकारी दवाखाना, मुरबाड, ९ डिसेंबर २००६

चि. सौ. रत्नास,
गुणाचे अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. ताप उतरला आहे, जेवण जातं.

रविवारी मला हॉलात नेलं. मला कंबरेखालचं कळत नाय, पण नाक शाबूत आहे. ओढ्यात फुगून वर आलेल्या जनावराला येतो तसा वास माझ्याच अंगाला येत होता, वरून गुलाबाचं अत्तर. डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की ह्याला तीन आठवडे कुणी हलवलं नाय, तरी अंगावर ओरखडा नाय. हे बोलताना त्यानं दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल धरला होता. मला त्या माणसाची जी शिसारी आली, ती आजवर कशाची आली नव्हती.

मी माईक मागितला. त्याला वाटलं, आभार मानीन. मी म्हणालो की पट्टी काढून सगळ्यांना दाखवा. तो हसला आणि पुढचं बोलायला लागला. मग मी दिनेशला म्हणालो की तू माझा भाऊ आहेस, तू काढ.

त्यानं मला कुशीवर केलं आणि काढली. आत मूठ जाईल एवढं भोक, काळं-पिवळं. पू शालीवर ओघळला. दिनेश तिथंच ओकला, पण मला धरलेला हात सोडला नाय. डॉक्टर म्हणाला की रोग्याची श्रद्धा कमी पडली. पुढच्या रांगेत हिराबाई म्हणून एक बाई लुळ्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती पोराला घेऊन उठली, डॉक्टरच्या पायाशी थुंकली आणि चालती झाली. तिच्या मागून हॉल रिकामा झाला. डॉक्टर मागच्या दारानं पसार. दिनेशनं पोलिसात तक्रार दिली आहे, बघू.

इथं सडलेलं मांस कापून काढलं. भरायला कित्येक महिने लागतील आणि भरेलच असं कुणी सांगत नाय. दिनेश रजा काढून इथंच राहतो. जखम धुताना त्याला अजून उमासे येतात. बाहेर जाऊन ओकतो, चूळ भरून परत येतो.

काल हिराबाई पोराला घेऊन आली. कूस कशी बदलायची, घोट्यांमध्ये उशी कुठं ठेवायची, ते दिनेशनं माझ्यावरच तिला करून दाखवलं. एवढं कुणी शिकवलं, असं तिनं विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला की माझ्या ताईनं, पण मी ऐकलं उशिरा.

लवकर येऊन जा. मायेचं माणूस डोळ्यांसमोर असू दे.
तुझा दादा, गुणा