खिडकीकडचा स्पीकर

रविवार, ८ फेब्रुवारी

बाबांना पुढच्या दोन स्पीकरना दुहेरी अ‍ॅम्प्लिफायर हवाय. शेजारच्या होल्गरने केलंय म्हणून. "कानांवरचं पांघरूण काढल्यासारखं वाटतं म्हणतो." होल्गर काहीही म्हणतो.

समजावून सांगितलं. रिसीव्हरवर मागच्या स्पीकरांसाठीचे दोन चॅनल रिकामे आहेत, हे खरं. ते पुढच्या स्पीकरमधल्या ट्वीटरला देता येतात – वरच्या स्वरांसाठी – आणि खालच्या मोठ्या शंकूला आधीचेच ठेवायचे. पण वीज सगळ्यांना एकाच ट्रान्सफॉर्मरमधून. एका विहिरीवर दोन रहाट बसवले म्हणून पाणी वाढत नाही.

"पण दोघांना एकदम शेंदता येतं ना?" बाबा म्हणाले.

आयुष्यभर शाळेत जर्मन शिकवलेल्या माणसाशी वाद घालू नये.

सोमवार, ९ फेब्रुवारी

होल्गरचा नवा सल्ला – स्पीकरमागच्या पितळी पट्ट्या तशाच राहू देत, "असल्या तर बिघडत नाही." बिघडतं! त्या पट्ट्या वरची आणि खालची जोडणी एक करतात. त्या ठेवून दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडले तर ते एकमेकांवरच चालून जातात. आता हे दुसऱ्या कुणाच्या हाती देणं नाही. मीच करीन.

बुधवार, ११ फेब्रुवारी

केलं. पट्ट्या काढल्या, नव्या तारा ओढल्या, मेनूत चॅनल नेमून दिले. कपाटामागे वाकून मान आखडली. मध्ये बसून ऐकलं. पूर्वी होतं तसंच. तसंच असणार होतं.

बाबा जाझची तबकडी लावून बसले. मग म्हणाले, "झांजा फक्त दाराकडून येतायत. खिडकीकडचा मुका झालाय."

मेनू पुन्हा तपासला. बरोबर आहे. तारा पाहिल्या. जागच्या जागी आहेत.

"तुमच्या डाव्या कानात मळ असेल, बाबा."

"सिसेल, या कानांनी मी शेवटच्या बाकावरच्या पोरांचे उच्चार सुधारलेत."

"त्याला किती वर्षं झाली?"

तबकडी काढून ते रुसून उठले. जेवायला स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली म्हणे. मला नाही ऐकू आली. रुसलेला माणूस हळूच हाक मारतो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मंगळवारी आमच्या स्पीकरच्या कारखान्यात श्रवणगटाची निवडचाचणी आहे. नवा स्पीकर बाजारात जायचा की नाही हे ती मोजकी माणसं ठरवतात – आलेख पाहून नव्हे, कानांनी. मापनखोलीत बसून मला आता आलेखांचा वीट आलाय. बोडिल, म्हणजे आमची प्रमुख, म्हणाली, "तुझी जागा धरलेलीच आहे. चाचणी म्हणजे नुसती औपचारिकता."

आणि मी संध्याकाळ घालवते होल्गरच्या पांघरुणापायी.

बाबांसाठी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, पुढच्या गुरुवारची. त्यांना सांगितलेलं नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

"मुका आहे."

"नाही."

"आहे."

नाश्त्यालाच! कारखान्यातला मायक्रोफोन घरी आणावा का, असं क्षणभर वाटलं. नाही आणणार. होल्गरसाठी तर नाहीच.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज फास्टेलाव्न, उपवासाच्या दिवसांआधीचा खाण्यापिण्याचा सण. बाबांनी क्रीमचे बन आणले होते, आणि होल्गरही आला, बन खाऊन निकाल द्यायला. "सिसेलने स्वस्तातली तार वापरलीय," म्हणाला. तोंडावर साखर तशीच.

त्याला वाटेला लावल्यावर बाबांना उलटं बसवलं, पाठ स्पीकरांकडे करून. कारखान्यात आम्ही हेच करतो. आवाज बदलला असं कुणी म्हटलं की खुर्ची फिरवायची. दोष कानात असला तर तो कानाबरोबर फिरतो, स्पीकरमध्ये असला तर जागेवर राहतो. बाबांचा फिरायला हवा होता.

"झांजा कुठून येतायत?"

"दाराकडूनच."

"नीट ऐका."

"सिसेल, दाराकडूनच."

निव्वळ हट्ट. उद्या स्वतः बसून दाखवते.

सोमवार, १६ फेब्रुवारी

मी सरळ बसले. झांजा होत्या. खुर्ची फिरवली. झांजा गेल्या. दाराचा स्पीकर आता माझ्या डाव्या हाताला होता.

"येतायत ना?" बाबांनी विचारलं. त्यांना येत होत्या.

पुन्हा सरळ. आल्या. पुन्हा उलटी. नाही.

मग कपाटामागे गेले. खिडकीकडच्या स्पीकरची वरची तार चिमट्यात घट्ट दिसते, पण चिमटा तांब्यावर नाही, वरच्या प्लास्टिकवर बसलाय. बुधवारपासून मुकाच होता. मी मध्ये बसून 'पूर्वीसारखंच' म्हटलं होतं. मला ते पूर्वीसारखंच होतं.

तार सोलून नीट बसवली. बोडिलला कळवलं की उद्या येत नाही. गुरुवारची डॉक्टरांची वेळ माझ्या नावावर करून घेतली.

जेवताना बाबांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या उजव्या हाताला आणून ठेवली.