गास्पार जेवत नाही

सोमवार, ४ मे २००९

नोलन पहाटेच रिगवर गेला. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी – माझा पोरगा अर्धं वर्ष आमचा, अर्धं वर्ष तेल कंपनीचा. जाताना बायकोला जवळ घेतलं, मला घेतलं, मग घोरपडींच्या टाकीपाशी पाच मिनिटं उभा राहिला. लिही, लर्लीन. तोंड वाकडं करू नकोस.

ही वही त्याने ठेवलीय ती दिवा किती तापला, कोणी काय खाल्लं, ते टिपायला. मला अक्षर येत नाही. शाळेत दोन दिवस गेले. इंग्रजी सोडून घरची फ्रेंच बोलले म्हणून बाईंनी मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले. तिसऱ्या दिवशी तळ्यातले झिंगे, आमचे क्रॉफिश, पकडायला गेले ती गेलेच. म्हणून मी बोलते आणि सून लिहिते. सून टेक्सासची आहे, पण अक्षर बरं आहे. तिला मरियेची शपथ घातलीय – पुढची पानं नोलनची, ही मागची माझी.

तर टाकीत दोघं. क्लोतिल आणि गास्पार. हातभर लांबीची, विटकरी रंगाची, काटेरी शेपटीची. ह्यूस्टनच्या बाजारात एकाने ‘खात्रीची जोडी’ म्हणून दिली. शेपटीच्या बुडाशी बघून नर-मादी ओळखतात म्हणे. मी चष्मा लावून बघितलं. मला दोन शेपट्या दिसल्या.

मागे नोलनने दोघांचा गुंता झालेला पाहिला आणि आता क्लोतिलचं पोट आलंय. गेल्या वर्षी आधीची मादी अंडी पोटात घेऊनच मेली. मनासारखी माती मिळाली नाही की या घोरपडी अंडी घालत नाहीत, धरून बसतात. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या ट्रकमध्ये बसून रडला. आज म्हणाला, “हिला तेवढी वाचव, मेमेर.” नातवंडं झाल्यापासून पोटचा पोरगाही मला आजीच म्हणतो.

वाचवते म्हटलं. आता वाचवायला हवी.

मंगळवार, ५ मे

टाकी म्हणजे गुरांना पाणी पाजायची पत्र्याची टाकी. तिच्यात नोलनने दुकानातला झाडसालींचा भुसा भरलेला. त्यात बीळ टिकेल का? हात घातला की ढासळतो. तळ्याकाठची माती आणावी तर ती चिकट, वाळली की वीट.

चांगली माती आमच्या घराखाली आहे. घर खांबांवर उभं, खाली कधी पाऊस लागत नाही. माझ्या कोंबड्या साठ वर्षं तिथंच अंडी घालत आल्या. लर्लीनला खाली सरपटत पाठवलं. सत्तावीस बादल्या. वर आली तेव्हा तिचं टेक्सास ओळखू येत नव्हतं.

मातीवर थोडं पाणी शिंपडून मूठ आवळून बघितली. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, अंगठ्याने टोचल्यावर फुटला पाहिजे. राहिला आणि फुटला. कोपरापर्यंत हात बुडेल एवढी भरली, वर आणखी वीतभर. इथं खणलं की पाणी लागतं; एवढी खोल माती या घरात मेल्यावरही कोणाच्या नशिबी आली नाही.

लर्लीनचे आभार. तिला सांगणार नाही. आता लिहिलंच म्हणा तिने.

बुधवार, ६ मे

दिव्याखाली फळ्यांची चळत आहे, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. वरच्या फळीवर भट्टी, सगळ्यात खालच्या फटीत सावली. ज्याला जेवढी ऊब हवी त्याने तिथं शिरावं. नोलनचं एक यंत्र आहे, ते लाल आकडा दाखवतं. मला आकडा काय करायचा? वरच्या फळीवर हात ठेवते आणि ‘नमो मरिया’ म्हणते. अर्ध्यात हात उचलावा लागला तर ऊब बरोबर. पूर्ण प्रार्थना झाली तर दिवा खाली घ्यायचा.

आज सुरुवातीच्या ‘कृपापूर्णे’लाच हात उचलला. मरियेने रागावू नये.

गुरुवार, ७ मे

गास्पारला बाहेर काढलं.

नोलनने बजावलं होतं, दोघांना वेगळं करू नका. पण हा गास्पार दिवसभर क्लोतिलच्या अंगावर धावून जातो, तिला फळीवरून ढकलतो. पोट आलेल्या बाईच्या खोलीत नवऱ्याचं काय काम? आमच्यात दिवस भरत आले की पुरुषाला भावाच्या घरी पाठवतात. माझ्या ओविदला पाचही वेळा पाठवलं. पाचही वेळा तो वजन वाढवून परत आला.

गास्पारला धुण्याच्या टबात ठेवलाय. खाली वर्तमानपत्र, वर दिवा, कडेला पाण्याची वाटी. लर्लीन म्हणाली, “मेमेर, त्याने नको सांगितलंय.” मी म्हटलं, त्याला जन्म कोणी दिला, मी की त्या ह्यूस्टनवाल्याने?

शनिवार, ९ मे

क्लोतिलने चार उंदीर खाल्ले. फ्रीजरमधले, लर्लीनच्या चहाच्या गाळणीत गरम केले. लर्लीनला आत्ता कळलं.

सोमवार, ११ मे

रिगवरून नोलनचा फोन. क्लोतिल उकरतेय का? नाही. खातेय का? खाते, उंदीर, झुरळं, उकडलेलं अंडं, क्रॉफिशची शेपूट. म्हणाला, अंडी घालायच्या आधी मादी जेवण सोडते आणि माती उकरत सुटते, लक्ष ठेव. गास्पार कसा आहे? मी म्हटलं, मजेत.

मजेत नाही. तीन दिवसांत त्याने तोंडात काही घेतलेलं नाही. पुढच्या पायांनी कागद फाडत बसतो, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. विरह! मला हसू आलं. आपल्या कुळात असा एकही पुरुष झाला नाही. तोही थोडा गोल दिसतो हल्ली, पण एका घरात राहून नवराबायको एकमेकांसारखी होतातच.

खोटं बोलले ते इथं लिहून ठेवते. कुठंतरी कबुली हवी.

बुधवार, १३ मे

शेजारचा अल्सिद कॉफीला आला. आयुष्यभर मगरी मारल्या त्याने. गास्पारकडे बघून मला म्हणाला, “अझेली, याचा रस्सा कर, गंबो कर, वाया जाण्याआधी.” त्याला दुसरा कप दिला नाही.

क्लोतिल अजून उकरत नाही. फळीवर पसरून पडते, पोट दोन्ही बाजूंनी ओघळतं. बोट लावलं तर मऊ लागतं. मला झोप लागत नाही. गेल्या वर्षीच्या मादीचं पोटही शेवटी असंच होतं का, ते आठवत बसते.

शुक्रवार, १५ मे

आज लर्लीनने लेखणी खाली ठेवली. म्हणाली, गास्पारबद्दल तुम्ही जे सांगाल ते लिहीन, पण आधी त्याला बघा.

बघितलं. शेपटीचं बूड आटलंय, पाठीचा कणा वर आलाय. कागदाच्या चिंध्या झाल्यात आणि नख्यांना रक्त. तरी टबाच्या तळाला ओरबाडतोय.

“नवऱ्याने जीव सोडला तर ती तरी काय करेल एकटी?” लर्लीन म्हणाली. “ठेवा त्याला घरी, मेमेर. माझा चौदा दिवस नसतो, मला कळतं.”

सतरा वर्षांत या पोरीने असं काही तोंडातून काढलं नव्हतं. मी दर पंधरवड्याला तिच्या पांचट कॉफीची थट्टा करत राहिले.

गास्पारला मीच उचलला. हातात हलका, पोट तेवढं जड. टाकीत सोडला. क्लोतिलकडे त्याने बघितलंही नाही. सरळ फळ्यांमागच्या कोपऱ्यात गेला आणि माती उडवायला लागला. तासाभरात शेपटीसकट आत.

शनिवार, १६ मे

गास्पार वर आला नाही. क्लोतिलने तीन उंदीर खाल्ले.

रविवार, १७ मे

अजून नाही.

लर्लीन बीळ उकरू म्हणाली. मी नको म्हटलं. मरायलाच गेला असेल तर निदान कोरड्या, चांगल्या मातीत गेलाय. चर्चमध्ये मिस्साला जाऊन दोन मेणबत्त्या लावल्या, एक क्लोतिलच्या सुटकेसाठी, एक गास्पारसाठी. फादरनी विचारलं, घरात कोण आजारी आहे. मी म्हटलं, जवळचे आहेत.

नोलन उद्या दुपारी येणार. टबाचं त्याला मीच सांगणार आहे. लर्लीनवर ढकलायचं नाही. तिच्याच हाताने लिहून घेते, म्हणजे पलटता येणार नाही.

सोमवार, १८ मे

सकाळी गास्पार वर आला. पोट रिकाम्या पिशवीसारखं लोंबतंय. दिव्याखाली बसून त्याने लागोपाठ चार उंदीर खाल्ले. लर्लीनने चमच्याने माती बाजूला केली – नऊ अंडी. पांढरी, टपोरी, एकही पिचकलेलं नाही.

आठ दिवस मी बाळंतिणीला कागदावर ठेवलं आणि नवऱ्याचे डोहाळे पुरवले.

देवा, तुझे आभार. लर्लीनचे तुझ्याहून थोडे जास्त.